पालकसभेंत मुलाची जागा



सहामाही परीक्षा आटोपली म्हणजे शाळाशाळांतून पालकसभा भरतात. त्या सभेंत कोण कोण असतें हें क्षणभर आठवून पाहा. वर्गशिक्षक असतात, आई असते, क्वचित् वडीलहि असतात. मेजावर प्रगतिपुस्तकांची चळत असते. गणितांत किती गुण, इंग्रजींत किती, अक्षर कसें, वर्गांत गडबड करतो कीं काय, असें पांच-सात मिनिटें बोलणें होतें, सही होते आणि पुढच्या पालकांना हांक जाते. ज्याच्यासाठीं ही सारी खटपट चाललेली असते, तें मूल मात्र व्हरांड्यांत उभें राहून आंतून येणाऱ्या तुटक शब्दांवरून आपलें भवितव्य ताडीत असतें. आई बाहेर आली कीं तें प्रथम तिच्या चेहऱ्याकडे पाहतें. न्यायालयांत आरोपीला आपल्या समक्ष साक्षीपुरावा ऐकण्याचा हक्क असतो. आपल्या घरच्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला तेवढाहि नसावा, हें जरा चमत्कारिकच नव्हे काय?

त्या मुलाला आंत बोलवावें, आईबापांच्या शेजारीं बसवावें, त्याच्या वह्या त्याच्याच हातीं द्याव्या आणि आधीं त्याला बोलूं द्यावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. ऐकावयास ही गोष्ट साधी आहे. परंतु ती खरोखर करावयास गेलें म्हणजे शाळेच्या सबंध वर्षाची घडी बदलावी लागते. ती कशी, हें सांगण्यांतच माझा बहुतेक वेळ जाईल.

उत्तर अमेरिकेंतील शाळांतून गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून अशा सभा हळूहळू सुरू झाल्या आणि पुढें इतर देशांतहि त्या पसरल्या. तिकडे मूल स्वतः सभा चालवितें, शिक्षक बाजूला बसतो. परंतु आम्हां वर्धा जिल्ह्याच्या माणसांना ह्या विचाराचें मूळ शोधण्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. 1937 सालच्या ऑक्टोबरच्या 22 व 23 तारखांना वर्धा येथें, मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानें, गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं जी शिक्षणपरिषद भरली, तिचें नांव आपण सर्वांनीं ऐकलें आहे. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेचें माध्यम, हस्तोद्योगाभोंवतीं गुंफलेला अभ्यासक्रम आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नांतून हळूहळू शिक्षकाचें वेतन निघावें ही अपेक्षा, असे चार ठराव तेथें झाले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याच वर्षींच्या डिसेंबरांत अहवाल दिला. 1938 सालीं हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला, आणि सेगांव, म्हणजे 1940 पासूनचें सेवाग्राम, येथें आर्यनायकम् व आशादेवी यांनीं ती शाळा चालवून दाखविली.

चौथ्या ठरावावर त्या वेळींच टीका झाली. प्राध्यापक के. टी. शहा यांनीं परिषदेंतच विरोध केला होता, आणि त्यांच्या शंकेंत तथ्य होतें असें माझें मत आहे. मुलाच्या सुतावर गुरुजींचा पगार अवलंबून राहिला कीं मुलाचा मजूर व्हावयास वेळ लागत नाहीं. तो वाद आज मला करावयाचा नाहीं. त्या योजनेंतील एका लहानशा, फारशी चर्चा न झालेल्या बाजूकडे मात्र आपलें लक्ष वेधावयाचें आहे. प्रचलित परीक्षापद्धति शिक्षणाला शापरूप झाली आहे, असें समितीनें स्पष्ट म्हटलें, आणि मूल वरच्या वर्गांत जावें कीं नाहीं, हें वर्षभराच्या कामाच्या नोंदींवरून शिक्षकांनीं ठरवावें, अशी सूचना केली. आतां ह्या नोंदी कशाच्या? उदाहरणार्थ सुताच्या. चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, 640 तारांची एक गुंडी. हें माप आठ वर्षांच्या मुलालाहि कळतें. मागील महिन्यांत तासाला किती तार निघाले, ह्या महिन्यांत किती. धागा कितीदां तुटला. सूत कोठें जाड, कोठें बारीक झालें. हें तें स्वतः मोजूं शकतें आणि दुसऱ्यास दाखवूं शकतें. त्यासाठीं इंग्रजी यावें लागत नाहीं, टक्के काढावे लागत नाहींत, आणि गुरुजींच्या शेऱ्याची वाट पाहावी लागत नाहीं. शिवाय ज्या आईचा जन्म कपाशीच्या शेतांत गेला, तिच्या हातांत सुताची गुंडी दिली तर ती चांगली कीं वाईट, हें तिला गुरुजींहूनहि अधिक चांगलें कळतें! प्रगतिपुस्तकापुढें जी आई निरक्षर ठरते, तीच गुंडीपुढें परीक्षक ठरते.

सेवाग्रामच्या शाळेंतील मुलें रोजनिशी लिहीत. सफाई, स्वयंपाक, पाणी, आरोग्य अशा कामांसाठीं तीं आपल्यांतूनच मंत्री निवडीत आणि त्या मंत्र्यांना आपल्या कामाचा हिशेब सर्वांच्या सभेपुढें द्यावा लागे. मार्जोरी साइक्स या बाईंनीं नई तालीमची जी हकीगत लिहून ठेवली आहे, तींत ह्या सभांचें वर्णन आहे. ‘मी काय केलें, काय राहिलें, कां राहिलें’ हें चार माणसांसमोर उभें राहून सांगण्याची संवय ज्या मुलाला लागली, त्याला पुढें आईबापांसमोर आपल्या अभ्यासाविषयीं बोलणें कठीण कां जावें? मुलाचें घर आणि मुलाची शाळा हीं एकाच कामाचीं दोन टोकें आहेत, हा विचारहि तेथें होता. 1945 सालच्या सेवाग्राम परिषदेनंतर नई तालीमची व्याप्ति प्रौढांपर्यंत नेण्यांत आली, आणि पूर्वबुनियादी शाळेच्या कामांत शांता नारूलकर यांनीं आयांना आपल्या बरोबर घेतलें.

पण सर्वच ठिकाणीं हें साधलें असें समजूं नये. पुष्कळ शाळांतून टकळी ही केवळ तासिका होऊन बसली. नोंदवही भरे आणि मूल रितें राही. नोंद ठेवणें निराळें आणि आपली नोंद आपण वाचणें निराळें. हा फरक ज्यांच्या लक्षांत आला नाहीं, त्यांच्या हातीं कोणतीहि चांगली पद्धति टिकणार नाहीं. मधल्या काळांत बंद पडलेली ती शाळा नई तालीम समितीनें 2005 सालीं सेवाग्रामच्या परिसरांत ‘आनंद निकेतन’ ह्या नांवानें पुन्हां सुरू केली. शाळा मराठी माध्यमाची आहे आणि शेती, स्वयंपाक, सूतकताई अशीं कामें तेथील अभ्यासाचा भाग आहेत.

कायद्याच्या बाजूनें पाहिलें तर आपल्याकडे कागदांची उणीव नाहीं. बालकाच्या हक्कांचा जो करार संयुक्त राष्ट्रांनीं 1989 सालीं संमत केला आणि भारतानें 11 डिसेंबर 1992 रोजीं स्वीकारला, त्याच्या बाराव्या कलमांत, मुलाशीं संबंध असलेल्या बाबतींत त्याचें म्हणणें ऐकून घेतलें जावें, असें आहे. शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आला. त्यानें शाळा व्यवस्थापन समितींत पालकांना तीन चतुर्थांश जागा दिल्या, आणि केंद्राच्या आदर्श नियमांत उरलेल्या जागांपैकीं कांहींवर विद्यार्थ्यांचाहि विचार केला. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें आणि गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी लिहाव्या असें ठरलें. हेतु उत्तम, परंतु थोड्याच दिवसांत तयार नोंदींचीं पुस्तकें बाजारांत आलीं, आणि ‘उपक्रमांत उत्साहानें भाग घेतो’ हें एकच वाक्य वर्गांतील निम्म्या मुलांच्या नांवापुढें दिसूं लागलें. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रगतिपुस्तकांत मुलाचें स्वतःचें मूल्यमापन आणि सोबत्यांचें मूल्यमापन असावें आणि तें प्रगतिपुस्तक घर व शाळा यांमधील दुवा व्हावें, असें सांगितलें आहे. येथेंहि धोका तोच. ‘मला हें येतें’ ह्या चौकटींत खूण करावयास मुलाला सांगितलें तर तें मुकाट्यानें खूण करील. त्या खुणेविषयीं त्याच्याशीं कोणी बोललें नाहीं, तर ती खूण आणि गुरुजींची तयार नोंद यांत काय अंतर?

आतां प्रत्यक्ष अनुभवाचें सांगतों. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धांत एका खेड्यांतील शाळेंत आम्हीं दोघां शिक्षकांनीं चार वर्षें अशा सभा घेतल्या. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी भरांत असते. बाईमाणसाला दुपारीं शाळेंत बोलावणें म्हणजे तिची दिवसाची मजुरी बुडविणें. तेव्हां ती आली तर तिला त्या मजुरीच्या मोलाचें कांहीं मिळालें पाहिजे, हें आम्हांला पहिल्यापासून कळत होतें. शेतांत संध्याकाळीं वेचलेला कापूस काट्यावर चढतो, तो वेचणारणीच्या डोळ्यांदेखत चढतो. तिच्या गैरहजेरींत कोणी तिचें वजन लिहून ठेवलें तर ती मान्य करणार नाहीं, आणि तिनें करूंहि नये. मुलाच्या श्रमाचें वजन मात्र आपण त्याला बाहेर उभें करून करतों.

चौथींतील एका मुलीनें आईपुढें ऑगस्टची आणि डिसेंबरची अशीं वहीचीं दोन पानें उघडलीं. दोन्हींवर हातच्याची वजाबाकी होती. पहिल्या पानावर जागोजाग लाल खुणा, दुसऱ्यावर दोनच. आईला अक्षरओळख नव्हती, पण खुणा तिनें बरोबर मोजल्या. ‘हे तुले कोनं शिकोलं?’ तिनें विचारलें. मुलगी म्हणाली, ‘गुरुजीनं. पन चुकलं का नाई, ते मीच पाह्यतो. खालच्या दोनची बेरीज करून पाह्यली, का समजते.’ आणि तिनें लगेच एक वजाबाकी करून, उत्तर व वजा केलेली संख्या यांची बेरीज मूळ संख्येइतकी येते हें आईला करून दाखविलें. आमच्यापैकीं कोणी ‘गणितांत प्रगति समाधानकारक’ असें सांगितलें असतें, तर त्या माउलीच्या पदरांत काय पडलें असतें?

दुसरा प्रसंग याहून गंभीर होता. एका मुलाच्या मागील इयत्तेच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाहीं’ असा शेरा होता, आणि त्या शेऱ्यापायीं त्यानें घरीं मार खाल्ला होता. सभेंत ‘तुझें कोठें अडतें?’ असें विचारतांच तो बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, ‘फळ्यावरचं दिसत नाई. बाजूच्याचं पाहून लिहितो.’ वडील मान खालीं घालून बसले. पुढच्या आठवड्यांत डोळे तपासून झाले, चष्मा आला, आणि लक्ष देत नसलेला मुलगा लक्ष देऊं लागला. प्रश्न वर्षभर त्याच्याजवळच होता. विचारणारा मिळाला नव्हता. अशीं मुलें प्रत्येक शाळेंत असतात. कोणाला फळा दिसत नाहीं, कोणाला एका कानानें कमी ऐकूं येतें, कोणाला घरीं धाकट्या भावंडाला सांभाळतांना वही उघडावयास वेळच मिळत नाहीं. मोठीं माणसें त्यांच्याविषयीं कितीहि वेळ बोललीं तरी ह्या गोष्टी बाहेर येत नाहींत.

ह्या सभेची तयारी कशी करावी, असें कोणी शिक्षक विचारतील. सभा दिवाळीनंतर असेल तर तयारी जूनमध्यें सुरू व्हावी लागते. प्रत्येक मुलाची एक पिशवी किंवा धारिका असावी आणि तिच्यांत दर महिन्याला आपलें एक काम मुलानें स्वतः निवडून, तारीख घालून ठेवावें: निबंध, नकाशा, गणिताचें पान, चित्र, कांहींहि. सगळीं उत्तमच ठेवावयाचीं नाहींत; जेथें अडलें तें पानहि ठेवावें. सभेच्या आधींच्या आठवड्यांत मुलानें त्यांतील तीन कामें काढावीं. एक मनासारखें झालेलें, एक सुधारलेलें, एक अजून न जमलेलें. सोबत्यापुढें त्याची एकदां तालीमहि करावी, कारण लाजरें मूल प्रथमच बोलावयास उभें राहिलें तर त्याची जीभ अडखळते. पहिली-दुसरीच्या मुलांकडून भाषणाची अपेक्षा करूं नये. त्यांनीं वाचून दाखवावें, चित्र दाखवावें, बस्स.

वेळेची अडचण सांगितली जाते, ती खरी आहे. पण हिशेब करून पाहावा. चाळीस मुलांच्या वर्गांत एकेका कुटुंबास दहा मिनिटें दिलीं तरी 6 तास 40 मिनिटें लागतात, आणि शेवटच्या पालकापर्यंत गुरुजींचा घसा बसतो. उलट वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार चटया टाकून एकाच वेळीं चार मुलांनीं आपापल्या घरच्यांना काम दाखवावें, प्रत्येकास वीस मिनिटें द्यावीं आणि गुरुजींनीं चटईचटईवरून फिरत राहावें, तर 3 तास 20 मिनिटांत काम होतें. म्हणजे निम्म्या वेळांत प्रत्येकास दुप्पट वेळ मिळतो! कारण बोलण्याचें काम गुरुजींऐवजीं मूल करीत असतें.

मुलें आपले दोष झांकतील, ही शंका मला पुष्कळांनीं बोलून दाखविली. माझा अनुभव उलट आहे. मुलें स्वतःविषयीं फार कठोर असतात. ‘मला गणित येतच नाहीं’ असें म्हणून तीं मोकळीं होतात. अशा वेळीं गुरुजींनीं त्याला एका विशिष्ट पानावर आणावें: गणित येत नाहीं म्हणजे काय? भागाकार? कीं भागाकारांत मध्यें शून्य आलें म्हणजे? अडचण बोटभर जागेंत सांपडली कीं ती डोंगराएवढी वाटत नाहीं. आणखी एक पथ्य शिक्षकानें कसोशीनें पाळावें. जी तक्रार मुलाला आधीं सांगितलेली नाहीं, ती सभेंत प्रथमच काढूं नये. मूल आपल्या वह्या घेऊन विश्वासानें बसलें असतां आईबापांदेखत त्याच्यावर नवा आरोप ठेवणें म्हणजे त्याला पुन्हां कधींहि खरें न बोलण्याचा धडा देणें होय.

कांहीं गोष्टी मात्र मुलासमोर बोलूं नयेत हेंहि खरें. घरांतील कलह, वडिलांचें व्यसन, एखादा नाजूक आजार, फीची थकबाकी, ह्यांसाठीं वेगळी वेळ ठेवावी. ती सभेला जोडून मात्र नसावी. मुलाला बाहेर पाठवून दार लोटलें, तर आंतापर्यंतचें सारें बोलणें नाटक होतें आणि खरें आतां चाललें आहे, असेंच तें समजेल.

आतां थोडें शहरांतील सुशिक्षित घरांविषयीं. आपण रागावणार नसाल तर सांगतों, ह्या सभेंत सर्वांत अवघड पालक आपणच. मजूर आई मुलाला बोलूं देते, कारण पानावर काय आहे हें तिला त्याच्याकडूनच कळावयाचें असतें. आपल्याला वाचतां येतें; त्यामुळें मूल तोंड उघडण्यापूर्वींच आपली नजर गुणांवरून फिरलेली असते, वर्गांत पहिला कोण आला हें मोबाईलवरील पालकांच्या गटांत आदल्या रात्रींच कळलेलें असतें, आणि शिकवणी बदलावी कीं काय हा विचार मनांत घोळत असतो. मुलगा आपली रोपट्यांच्या वाढीची वही दाखवीत असतां ‘तें असूं दे, गणितांत सहा गुण कोठें गेले तें सांग’ असें वडील म्हणतात, आणि सभा तेथेंच संपते. पालकांनीं फार तर तीन प्रश्न विचारावे: हें तूं कसें केलेंस? कोठें अडलास? आम्हीं घरीं काय करावें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां अनपेक्षित असतें. संध्याकाळीं दूरदर्शन-संच तासभर बंद ठेवा, एवढेंच एखादें मूल सांगतें. दुसरें म्हणतें, मला शिकवूं नका, नुसते जवळ बसा. ह्या मागणीला आपण काय उत्तर देतों, ह्यावर पुढील सभेंत मूल मनमोकळें बोलेल कीं नाहीं हें ठरतें. शेजाऱ्याच्या मुलाचें किंवा थोरल्या बहिणीचें नांव त्या वीस मिनिटांत घेऊं नये, हें वेगळें सांगावयास नको.

सभेच्या शेवटीं एक चिठ्ठी लिहावी. पुढील दोन महिन्यांत मी काय करीन, घरचे काय करतील आणि गुरुजी काय करतील, अशा तीनच ओळी, मुलाच्या हस्ताक्षरांत. खालीं तिघांच्या सह्या. जेथें सही येत नाहीं तेथें अंगठा. ही चिठ्ठी वहीच्या पहिल्या पानाला चिकटवावी आणि पुढील सभेंत प्रथम तीच उघडावी, म्हणजे हिशेब केवळ मुलाचाच नव्हे, तर घरच्यांचा व गुरुजींचाहि होतो. दुसरी सभा मार्चअखेर न ठेवतां जानेवारींत ठेवावी, कारण तेव्हां वार्षिक परीक्षेपूर्वीं कांहीं करावयास अवकाश उरतो. आमच्या भागांतील खेड्यांत ती संध्याकाळीं सातनंतर ठेवावी. तोपर्यंत दिवसाचा कापूस तोलून झालेला असतो आणि बायामाणसें घरीं परतलेलीं असतात.